माझ्या सहा खाटा

आमच्या गावात त्या माणसाच्या नावाचे तीन पोट्टे आहेत. माझ्या नावाचा एकही नाही. जमीन दिली मी, नागपूरला ओळख काढली मी, दोन वर्षं गावाच्या शिव्या खाल्ल्या मी. आणि बारशाला नाव कोणाचं, तर जो साताऱ्याकडून बदली होऊन आला, काही वर्षं माझ्या माडीवर भाड्याने राहिला आणि ट्रंक उचलून परत गेला, त्याचं. म्हणून त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. आधीच पुष्कळ पसरलं आहे. साहेब म्हणतो, तेवढं पुरे.

गोष्ट सत्तर-ऐंशीच्या दरम्यानची. साहेब आरोग्य खात्यात हिशेबाचे अधिकारी होते. दवाखान्यांना वर्षभरात काय लागेल, म्हणजे औषधं, पगार, गाडीचं डिझेल, रोग्यांचं जेवण, याचा अंदाज काढून वर मुंबईला पाठवायचा, आणि वरून जे मंजूर होऊन येईल ते वाटायचं, हे त्यांचं काम. त्या काळी पुण्या-साताऱ्याकडचा अधिकारी भंडाऱ्याला आला की पहिल्या आठवड्यापासून परतीच्या खटपटीला लागायचा. हे आले, माडीवर सामान ठेवलं, आणि खाली येऊन मला पहिला प्रश्न विचारला, "शेठ, इथल्या तळ्यातले शिंगाडे कोणत्या महिन्यात निघतात?" त्याच दिवशी मी ओळखलं, की हा माणूस त्रास देणार.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी सायकलच्या कॅरियरला पितळी भांडी बांधून गावोगाव फिरलो आहे. फुटकं पितळ घ्यायचं, तोलायचं, बदल्यात नवा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, द्यायचा. बाई दारात बसून तासभर भांडणार, मीही भांडणार. मी उठून सायकलवर टांग टाकणार, ती पुन्हा हाक मारणार. त्या भांडणांवर भंडाऱ्यात दुकान झालं, आणि दुकानावर माडी झाली. मला कोणी शाळेत शिकवलं नाही. मला जे येतं ते भाव करणं. समोरच्याच्या तोंडाकडे बघून मी सांगू शकतो, हा किती खाली येईल. साहेबांच्या तोंडाकडे बघून मला कधीच काही सांगता आलं नाही. तिथे वरखाली काही नव्हतंच.

सरकारातही भावच चालतो, हे मला साहेबांच्या आधीच्या अधिकाऱ्यांनी माझ्याच दुकानात बसून सांगितलं होतं. खालच्याने दुप्पट मागायचं, वरच्याने अर्धं कापायचं, दोघं खूश. सगळा महाराष्ट्र असाच चालत होता म्हणे. साहेबांनी आल्याबरोबर जेवढं लागतं तेवढंच मागितलं. वरच्यांनी सवयीने त्याचंही अर्धं केलं. कचेरीतले लोक डोक्याला हात लावून बसले. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, दहा पाहिजे असल तर वीस काहून नाही मागत तुम्ही? थोडी तरी अक्कल वापरा."

साहेब म्हणाले, "वीस मागितले आणि खरोखरच वीस दिले, तर?"

"त चांगलंच आहे ना!"

"आणि रोजचं काय?"

हे त्यांचं वाक्य. "आणि रोजचं काय?" कोणी सांगितलं मुलीचं लग्न जमलं, कोणी सांगितलं म्हैस घेतली, कोणी सांगितलं मारुतीचं देऊळ बांधलं, साहेब मनापासून "वा, वा" म्हणायचे आणि लगेच विचारायचे, "आणि रोजचं काय?" म्हशीला रोज चारा कोण घालणार, देवळात रोज दिवा कोण लावणार. आनंदावर असं पाणी ओतणारा माणूस लोकांना नकोसा व्हायला पाहिजे. पण लोक बसून त्यांना चाऱ्याचा हिशेब सांगायचे! मी तोच प्रश्न एका गिऱ्हाइकाला विचारून पाहिला. तो म्हणाला, "तुले काय करायचं आहे?"

तिसऱ्या वर्षापासून वरच्यांनी साहेबांच्या मागणीला कात्री लावणं कमी केलं, असं म्हणतात. मी काही बघायला गेलो नव्हतो.

साहेबांची बायकामुलं साताऱ्याला, शाळेसाठी. माडीवर ते एकटे. फळीवर त्यांनी चहाच्या पत्तीचे रिकामे डबे ओळीने मांडले होते, आणि प्रत्येकावर चिठ्ठी: दूध, धोबी, पाहुणा, आजारपण, घरी पाठवणे. पगार झाला की पैसे डब्यांत पडायचे, आणि एका डब्यातला पैसा दुसऱ्या कामाला जायचा नाही. महिन्याच्या शेवटी मी एकदा वर गेलो. साहेबांनी "पाहुणा" हलवून पाहिला, रिकामा. जरा अवघडून म्हणाले, "शेठ, पाहुण्याची तरतूद संपली आहे. आजारपणातून वळवतो. तुमची हरकत नाही ना?" मी त्या माणसाच्या आजारपणातला चहा प्यालो आहे. साखर बरोबर होती. मायला येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "बिचारा! जाय, त्याले पातोडीची भाजी देऊन ये." माझ्या घरची पातोडी, आणि ती त्यांना वाढताना माझ्या मायच्या तोंडावरचा आनंद! मला ती म्हणायची, तू ताटावर बसूनही दुकानाचंच बोलतोस.

आता मार्चचं ऐका. सरकारचं वर्ष मार्चअखेर संपतं. तोवर जो पैसा खर्च झाला नाही तो परत जातो. म्हणून मार्च लागला की सगळ्या कचेऱ्यांना एकदम तहान लागायची. पाण्याचे पिंप, लोटे, बादल्या, पराती, जे असेल ते द्या, बिल आजच्या तारखेचं द्या. माझी दिवाळी मार्चमध्ये यायची. साहेबांच्या पहिल्या मार्चमध्ये मी बादल्या भरून ठेवल्या आणि त्यांच्या खात्याकडून माणूस आलाच नाही. मी स्वतः गेलो.

"साहेब, बादल्या काहून नाही घेत?"

"मागच्या मार्चच्या अजून सुतळीत बांधलेल्या आहेत."

"मग पैसा परत जाईल ना!"

"परत जायला उरलाच नाही, शेठ."

जानेवारीतच त्यांनी कुठे काय शिल्लक पडणार ते हुडकलं होतं, आणि वरची परवानगी आणून सगळा पैसा साप चावल्यावर देतात त्या लशीकडे वळवला होता. भाताच्या कापणीला माणसं सापावर पाय देतात आणि लस नागपूरला असते, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबर असेल. पण लस माझ्या दुकानात मिळत नव्हती.

बाजारातही तेच. बाजाराच्या दिवशी आम्ही कधी कधी बरोबर जायचो. नदीपलीकडून एक बाई वांग्यांची पाटी घेऊन यायची. मी तिचा भाव पाडत बसलेला, आणि साहेब शेजारी उकिडवे बसून तिला विचारताहेत, "बाई, एस.टी.त पाटीचं तिकीट वेगळं पडतं का?"

"हाव जी. कंडक्टर घेते ना."

"मग ते भावात धरलंस का?"

"थे कोन धरते जी?"

"धरायला पाहिजे. रोजचा खर्च आहे तो." आणि हा माणूस तिने सांगितलेल्या भावावर चार आणे जास्त ठेवायचा. बाई पाटीच्या तळातली, पाण्याने टवटवीत ठेवलेली वांगी काढून त्यांच्या पिशवीत घालायची. माझ्या पिशवीत वरची. घरी कापली की दोनात अळी. एकदा मी तिच्यावर भडकलो. ती शांतपणे म्हणाली, "तुमाले भाव पाहिजे होता शेठ, थो भेटला. त्याइले वांगे पाहिजे होते."

रेडिओचंही सांगितलं पाहिजे. लोक क्रिकेट ऐकतात तसे साहेब राज्याचा अर्थसंकल्प ऐकायचे. वर्षातून तेवढा एक दिवस माडीवर आरडाओरडा व्हायचा. "अरे, क्षयरोगाला वाढवले!" मग टाळी. मग बराच वेळ सामसूम. मग फळीवर बुक्की. "रस्ते, रस्ते! रस्त्याने जाऊन पोचायचं कुठे?" माझी बायको घाबरून जिन्यात यायची. माय म्हणायची, "घाबरू नको, सायेबाचा सन आहे आज."

आता गावाचं. आमचं गाव करडी गावाच्या पुढे. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अडली. बैलबंडीत घालून नदीवर नेली. नदी उतरायचा डोंगा पलीकडच्या काठाला होता. यापुढचं मी लिहीत नाही.

त्यानंतर मी ठरवलं, की आमच्या गावच्या बाईला नदीपर्यंत न्यायची पाळी येऊ नये. दवाखान्याला जागा पाहिजे होती, लोक गावाबाहेरचं बरड दाखवत होते. मी सडकेच्या काठचं माझं भाताचं वावर दिलं, सायकलवरची कमाई घालून घेतलेलं. बहिणीच्या नावाची फरशी लावायची, बाकी काही मागितलं नाही. आणि हो, हे माझ्यामुळे झालं असं गावाने म्हणावं, हेही मला पाहिजे होतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

इमारत झाली. चांगली झाली. दोन खोल्या, मोठी ओसरी, कौलं. साहेब तेव्हा नुकतेच आले होते. मी त्यांना मुद्दाम गावी नेलं, ओसरीत उभं केलं, फरशी दाखवली. साहेबांनी भिंतीवरून हात फिरवला, "वा, वा" म्हणाले. मी कान बंद करून घ्यायला पाहिजे होते.

"आणि रोजचं काय?"

तेव्हा कळलं. बांधायचा पैसा सरकारच्या एका खात्यातून आला होता, तो बांधून संपला. चालवायचा पैसा, म्हणजे नर्सचा पगार, औषधं, कंदिलाचं रॉकेल, हा दुसऱ्या खात्यातून यायचा असतो, आणि तो कोणी मागितलेलाच नव्हता. सरकारच्या दृष्टीने तिथे भिंती होत्या, दवाखाना नव्हता. नवीन काही चालवायचं तर त्याला "नवीन बाब" म्हणतात आणि ती थेट विधानसभेपुढे जाऊन मंजूर व्हावी लागते. एका नर्ससाठी विधानसभा!

इमारतीला कुलूप लागलं. दोन पावसाळे गेले. मी गावात गेलो की एस.टी.च्या थांब्यावरच कोणीतरी गाठायचं.

"शेठ, तुमच्या दवाखान्यात बाळंतपनं जोरात चालू हायेत."

"कोणाची?"

"बकऱ्याइची. ओसरी मस्त आहे, गार लागते त्याइले."

मी साहेबांवर घरमालकाचा हक्क चालवून पाहिला. म्हटलं, "साहेब, सहा महिने भाडं देऊ नका. माझ्या गावचं तेवढं काम करून टाका." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भाडं आणून गल्ल्यावर ठेवलं आणि म्हणाले, "शेठ, लाच देताना तरी अंदाज नीट काढत जा. या सहा महिन्यांच्या भाड्यात नर्सचा एका महिन्याचा पगारसुद्धा निघायचा नाही." रागावले नव्हते. माझी चूक दुरुस्त करत होते. मला राग कशाचा आला असेल, तर त्याचा.

मग साहेबांनी रविवारी आमच्या गावी जायला सुरुवात केली. रविवारी गाडी आमच्या गावापर्यंत यायची नाही, म्हणून करडीपर्यंत एस.टी., पुढे पायी. बंद दवाखान्याच्या ओसरीत बकऱ्या बाजूला सारून बसायचे, डबा खायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना विचारायचे. कोणत्या महिन्यात बाळंतपणं जास्त, रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत घरी कोण असतं, पाणी कोण तापवतं, लाकूड कुठून आणता. मला हे गावच्या लोकांकडून कळलं. एक जण दुकानात येऊन म्हणाला, "शेठ, तुमचा सायेब आमच्या बायकाइले बाळंतपनाचं विचारून राहिला. आमाले लाज वाटते, त्याले नाही वाटत."

मी तडक माडीवर गेलो. "साहेब, गाव माझं, वावर माझं. विचारायचं ते मला विचारा ना! त्या बायकांना काय कळते?"

साहेब डब्यावरची चिठ्ठी नीट चिकटवत होते. वर न बघता म्हणाले, "तुमचं बाळंतपण झालंय का, शेठ?"

जिन्याखाली माझी माय हसली. मला ऐकू आलं.

साहेबांचा प्रस्ताव मुंबईला गेला, परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. मी म्हटलं, कागद जातो तिथे काम होत नाही, माणूस जातो तिथे होतं. हिवाळ्यात विधानसभा नागपूरला भरते. वर्षाच्या मधेच सरकारला जास्तीचा पैसा लागला तर त्याच्या पुरवणी मागण्या तिथे मांडतात. त्यात आमचं घुसलं तर घुसलं, नाहीतर आणखी एक वर्ष. मुंबईहून आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्याच्या खोलीपर्यंत पोचायची वाट मी शोधली. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा जावई तिथे कामाला होता. साहेब एकटे गेले असते तर फाटकावर रांगेत उभे राहून संध्याकाळी परत आले असते. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

एस.टी.त भंडारा ते नागपूर मी त्यांना पढवलं. "साहेब, तुम्ही काही बोलू नका. मी दहा खाटा मागतो. तो तीन म्हणेल. मी उठल्यासारखं करीन. पाचावर येईल."

"चार लागतात," साहेब म्हणाले.

"पाच भेटल्या त काय बिघडते?"

त्यांनी पिशवीतला कागद काढला, मागचं पान एकदा पाहिलं आणि परत ठेवला.

खोलीत तो मुंबईचा अधिकारी कोट घालून, शाल पांघरून बसला होता; नागपूरच्या थंडीची त्याला सवय नव्हती. मी सुरुवात केली. मागास भाग, नदी, डोंगा, माझं वावर, माझी बहीण. मी चांगलं बोललो. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी भांडं विकताना बोललो नाही, कारण यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. शेवटी म्हटलं, "दहा खाटा पाहिजेत, साहेब."

अधिकाऱ्याने शालीतून हात बाहेर काढला. त्याचं तोंड मी वाचत होतो, आणि मला दिसलं ते मला खरं वाटेना. तो खाली येणार नव्हता. तो म्हणाला, "घ्या दहा. अशा भागाला द्यायलाच पाहिजे. दहा खाटांचा प्रस्ताव आजच करून द्या, मी घालतो."

दहा! काही न कापता! इतक्या वर्षांच्या धंद्यात असा सौदा मला कधी झाला नव्हता. मी हात जोडायला उठलो, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"नको."

मी टेबलाखालून साहेबांच्या पायावर लाथ मारली. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि बोलत राहिले. "दहा खाटा म्हणजे डॉक्टर द्यावा लागतो, साहेब. त्या गावात डॉक्टर येणार नाही. पद रिकामं राहील, आणि डॉक्टर नाही म्हणून खाटा उघडणार नाहीत. आम्हाला चार खाटा द्या. आणि एक नर्स न देता दोन द्या. एक झोपली की दुसरी जागी पाहिजे. बाई अडते ती घड्याळ बघून अडत नाही."

"सहा खाटा सोडताय तुम्ही," अधिकारी म्हणाला.

"माझ्या हातात नाहीतच त्या. सोडू कुठून?"

अधिकाऱ्याने कागद ओढून घेतला. वाचता वाचता हसला. "हे काय? जळाऊ लाकूड?"

"गरम पाणी लागतं, साहेब. गावातलं लाकूड पावसाळ्यात ओलं असतं. उन्हाळ्यात घेऊन ठेवायला पाहिजे."

"दोन नर्स म्हणजे पद्धतीच्या बाहेर जातं."

"सहा खाटा पद्धतीत बसत होत्या ना? त्यांचा वर्षाचा खर्च काढा. दुसरी नर्स त्यापेक्षा स्वस्त पडते." आणि तो खर्च त्यांनी मागच्या पानावर काढून आणलेला होता. म्हणजे दहा मिळाल्या तर काय करायचं, हे हा माणूस घरून ठरवून आला होता, आणि एस.टी.त मला एक शब्द बोलला नव्हता.

मी भाव करणारा माणूस आहे. समोर जे चाललं होतं ते मला कळत होतं. वांग्याचा भाव करता न येणाऱ्या माणसाने माझ्या सहा खाटा मोजून दिल्या आणि त्यांच्या बदल्यात एक नर्स घेतली. निघताना तो अधिकारी शाल सावरत उठला आणि साहेबांना दारापर्यंत सोडायला आला. मला आजवर कोणी दारापर्यंत सोडायला आलेलं नाही. त्याने साहेबांचा हात हातात घेतला, आणि मी मागून चपला शोधत होतो.

परतीच्या एस.टी.त मी भांडलो. आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. "तुम्ही माझ्या सहा खाटा घालवल्या! मी थांबलो असतो त दहा खाटा आणि दोन नर्स, दोन्ही आणल्या असत्या!" आजही माझं तेच म्हणणं आहे. त्या अधिकाऱ्याचं तोंड मी वाचलं होतं. तो देण्याच्या लहरीत होता.

साहेब म्हणाले, "चार खाटांवरच्या चादरी कोण धुणार ते राहिलंय, शेठ. माझ्या ध्यानातच आलं नाही." आणि भंडारा येईपर्यंत तेवढ्याच काळजीत बसले.

घरी येऊन मी मायला सांगितलं. वाटलं, ती तरी चिडेल. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "दहा बायका एकदमच अडून राहिल्या का रे आपल्या गावात?"

"माय, तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

"मी त माह्या पोरीच्या बाजूनं आहो."

मी खाली जाऊन दुकान उघडलं.

पुरवणी मागण्या मंजूर झाल्या. दोन नर्स आल्या, चार खाटा आल्या, उन्हाळ्याच्या तोंडाशी लाकडाची बंडीही आली. उद्घाटन ठरलं. साहेबांना मी बोलावलं. तोंडभरून नाही, पण बोलावलं. ते म्हणाले, "मार्चअखेर आहे, शेठ. आणि उद्घाटन हा एकदाचाच खर्च, तो तुम्ही करा." मी केला. मंडप घातला, बुंदी पाडली, फरशी चिंचेने घासून घेतली. कडक इस्तरीचे कपडे घालून, मायला घेऊन, सकाळच्या पहिल्या गाडीने गेलो.

बघतो तर दवाखाना आधीच चालू झालेला. पलीकडच्या टोलीवरची, म्हणजे वस्तीवरची, एक बाई आदल्या दिवशी अडली होती. फीत कापायची वाट बघायला तिला वेळ नव्हता. दुसरी नर्स जागी होती. बाळ-बाळंतीण दोघंही ठीक. बाळाची आजी लेकराला फडक्यात गुंडाळून ओसरीत कोवळ्या उन्हाला बसली होती. आम्ही उतरलो तशी ती उठली आणि लगबगीने पुढे आली. मी बुंदीची टोपली पुढे केली. ती माझ्या खांद्यावरून गाडीच्या दाराकडे बघत होती.

"सायेब नाही आले?"

"नाही आले. कामात आहेत."

"त्याइले दाखवाचं होतं जी लेकरू." तिचं तोंड एवढंसं झालं. "मले त्याइनं लई बार विचारलं होतं, बाई, पानी तापवाले कोन असते घरी. मी म्हटलं, कोनी नसते जी."

गाडी निघून गेली, तरी ती धुळीकडे बघत उभी. मला राहवेना. मी म्हटलं, "बुढे, हे वावर कोणाचं होतं, माहीत आहे का तुले?"

"हाव ना. तुमचं. आमी इथं रोवनीले येत होतो ना."

"मी दिलं हे दवाखान्याला."

"हाव, भाऊ," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी सोडला नसता. लेकराच्या कानावर फडकं ओढत, जसं आहे तसं तिने सांगितलं, "वावर त आधीबी इथंच होतं."

माझी माय बाजूलाच उभी होती. तिने ऐकलं. मला वाटलं, ती तरी माझ्याकडे बघेल. तिने दोन्ही हात पुढे केले, बुढीकडून लेकरू मागून घेतलं, छातीशी धरलं आणि फरशीवरच्या बहिणीच्या नावासमोरून त्याला आत घेऊन गेली. मी मागोमाग निघालो, तर नर्सने दारातच अडवलं. पुरुषांना आत यायला मनाई होती. गावच्या बायकांनी तसं साहेबांना सांगितलं होतं म्हणे, आणि साहेबांनी ते कागदावर घातलं होतं.

आतून मायचा आवाज येत होता. ती कोणाशी तरी हसून बोलत होती. मी माझ्याच वावरात, बाहेर उभा राहिलो.